दोन जंगलांमधला भ्रमणमार्ग उन्हाळ्यात कसा तपासावा

मध्य भारतातील पानझडी जंगलातला भ्रमणमार्ग, म्हणजेच वन्यप्राण्यांना एका जंगलातून दुसऱ्यात जाता येईल असा पट्टा किंवा कॉरिडॉर, नकाशावर नेहमी हिरवा आणि सलग दिसतो. ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला, नवेगाव-नागझिरा, पेंच, कान्हा ही संरक्षित क्षेत्रे हिरव्या पट्ट्यांनी जोडलेली दाखवली जातात, आणि पावसाळा संपल्यानंतरचे दोन-तीन महिने जमिनीवरही ते चित्र बऱ्याच अंशी खरे असते. परंतु फेब्रुवारीत पानगळ वाढते, नाले आटतात, शेतातली तूर आणि कपाशी निघते, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी माणसे पहाटेच जंगलात शिरतात, आणि मे महिन्यात तोच पट्टा चार-सहा ठिकाणी तुटलेला असतो. येथे सांगितलेली पद्धत याच एका गोष्टीवर उभी आहे: भ्रमणमार्गाची खरी स्थिती त्याच्या सर्वांत अरुंद जागी आणि वर्षातल्या सर्वांत कोरड्या महिन्यात कळते. जिल्ह्यात काम करणारे निसर्ग गट, महाविद्यालयीन संशोधक, सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा आणि प्रादेशिक वनविभागातील कर्मचारी यांना ती थोडक्या साधनांत वापरता येईल.

कोणाचा मार्ग, हे आधी ठरवावे

सर्वेक्षणाला निघण्यापूर्वी कोणत्या प्राण्याच्या दृष्टीने मार्ग तपासायचा आहे, हे लिहून काढावे. दीड-दोन वर्षांचा झालेला नर वाघ आईपासून वेगळा होऊन स्वतःचे क्षेत्र शोधायला निघतो, तेव्हा तो शेतातून, नाल्यातून, प्रसंगी गावाच्या वेशीजवळूनही रात्रीच्या वेळी पुढे सरकतो. नागझिऱ्याचा ‘जय’ नावाचा वाघ २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्यात पोहोचला. टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ मध्ये निघालेला, रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ महाराष्ट्र आणि तेलंगणातील अनेक जिल्हे ओलांडून, हजार किलोमीटरांहून अधिक चालून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. रानगवा, सांबर किंवा चौसिंगा यांच्याकडून असा प्रवास अपेक्षिता येणार नाही. त्यांना सलग झाडोरा लागतो, वाटेत चारा आणि पाणी लागते, आणि उघडे शेत त्यांच्यापैकी अनेकांना ओलांडवत नाही. त्यामुळे वाघ पार होतो एवढ्यावर मार्ग ‘चालू आहे’ असे लिहून मोकळे होणे योग्य नाही. माझ्या मते वाघाच्या जोडीने एक तृणभक्षी प्राणी निवडावा. सांबर त्यासाठी चांगले, कारण ते आडोशाला फार जपते आणि त्याच्या खुणा सहज ओळखता येतात.

दुसरी बाब संख्येची. दोन समूहांमध्ये जनुकांची देवाणघेवाण टिकण्यासाठी दर पिढीत अगदी मोजके प्राणी पलीकडे पोहोचून तेथे प्रजनन करू शकले, तरी त्याचा मोठा उपयोग होतो. विष्ठेतील जनुकीय नमुन्यांवर आधारित, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य भारतातील अभ्यासात कान्हा-पेंच आणि सातपुडा-मेळघाट या जोड्यांमध्ये मधले जंगल टिकून असल्यामुळे वाघांची ये-जा जनुकांच्या पातळीवर चालू असल्याचे दिसले होते. असा प्रवासी प्राणी वर्षातून एखादेच वेळी जातो. तो आपल्या कॅमेऱ्यात आला नाही म्हणून मार्ग बंद पडला, हा निष्कर्ष काढण्याची घाई अनेक चांगल्या सर्वेक्षणांना भोवली आहे.

दोन ऋतूंचे नकाशे

उपग्रह प्रतिमा पाहून पट्टा आखणे आता अवघड राहिलेले नाही. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या दहा मीटर स्पष्टतेच्या प्रतिमा विनामूल्य मिळतात. चूक होते ती प्रतिमेचा महिना निवडताना. नोव्हेंबरच्या प्रतिमेत जंगल, झुडपे, तूर आणि धानाचे बांध सगळेच हिरवे दिसते, त्यामुळे पट्टा आहे त्यापेक्षा रुंद भासतो. एप्रिलच्या प्रतिमेत नेमके उलटे होते: साग, ऐन, धावडा, सालई यांची पाने गळालेली असल्यामुळे उत्तम जंगल ओसाड जमिनीसारखे तपकिरी दिसते आणि ओलिताखालची संत्र्याची बाग गर्द वनासारखी उठून दिसते. संगणकाला केवळ ही एकच प्रतिमा दिली, तर तो बागेला जंगल आणि जंगलाला पडीक ठरवतो. म्हणून नोव्हेंबरची आणि एप्रिल-मेची अशा दोन प्रतिमा शेजारी ठेवाव्यात. नोव्हेंबरात हिरवे आणि एप्रिलमध्ये तपकिरी ते बहुधा पानझडी जंगल किंवा कोरडवाहू शेत. दोन्ही वेळा हिरवे ते ओलीत, बाग किंवा नाल्याकाठची सदाहरित झाडे. पहिल्या गटातले जंगल आणि शेत वेगळे काढण्यासाठी गाव नकाशावरील शेतांच्या सीमांचा आधार घ्यावा लागतो.

प्राण्याला कोणता भूभाग ओलांडणे किती जड जाते, याला गुण देऊन सर्वांत कमी खर्चाची वाट शोधणे, किंवा विजेचा प्रवाह जसा अनेक वाटांनी वाहतो तसा प्राण्यांचा ‘प्रवाह’ मोजणारे सर्किटस्केपसारखे सॉफ्टवेअर वापरणे, या दोन्ही पद्धती रूढ आहेत. दुसरी पद्धत आपल्या कामाला अधिक सोयीची, कारण जेथे सगळा प्रवाह एका चिंचोळ्या जागेतून जातो ती जागा तिच्यात ठळक दिसते. मात्र गुण देताना कोरड्या महिन्यांसाठी वेगळा तक्ता करावा. जानेवारीत उभी तूर आणि पराटी, म्हणजे कपाशीची झाडे, बिबट्याला, वाघाला पुरेसा आडोसा देते. मार्चमध्ये त्याच शेतात नांगरलेली ढेकळे असतात. एकाच शेताला वर्षभर एकच गुण दिला की तयार होणारा नकाशा कोणत्याच महिन्याचा राहत नाही.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी २०१४ मध्ये देशातील ३२ प्रमुख व्याघ्र भ्रमणमार्ग निश्चित केले. आपला पट्टा त्यांपैकी एखाद्यात येतो का, ते पाहावे. येत असल्यास पुढचा कागदोपत्री मार्ग बराच सोपा होतो. येत नसल्यास तो मार्गच नाही असे मुळीच समजू नये, कारण लहान अभयारण्यांना जोडणाऱ्या अनेक वाटा अशा यादीबाहेर राहतात.

जमीन कोणाची, हे गावनिहाय लिहावे

हा भाग कंटाळवाणा असला, तरी पुढे प्रत्येक टप्प्यावर उपयोगी पडतो. भ्रमणमार्ग क्वचितच एका मालकाच्या जमिनीवरून जातो. राखीव वन, संरक्षित वन, १९७४ मध्ये स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाकडील सागवनांचे कक्ष, महसूल खात्याची झुडपी जंगले, गायरान, सामूहिक वनहक्काचे क्षेत्र आणि खासगी शेते हे सगळे दहा किलोमीटरांच्या आत येऊ शकते. प्रत्येक चिंचोळ्या जागेसाठी सातबारा, गाव नकाशा आणि वनविभागाचा कक्ष क्रमांक एकाच तक्त्यात मांडावा.

विदर्भातील झुडपी जंगलाकडे विशेष लक्ष द्यावे. पळस, बोर आणि करवंदाच्या या विरळ, खुरट्या जमिनी दिसायला सामान्य असतात आणि नेमक्या त्यामुळेच बांधकामाला, औद्योगिक वापराला पहिल्यांदा सुचवल्या जातात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल ही वनजमीनच मानावी असा निर्णय दिला. त्यामुळे दोन मोठ्या जंगलांमधल्या अशा तुकड्याचा गट क्रमांक आपल्या तक्त्यात असणे, हे त्या तुकड्यासाठी मोठे संरक्षण ठरू शकते.

मे महिन्यातली पायपीट

वनविभागाची लेखी परवानगी, सोबत त्या नियतक्षेत्राचा (बीटचा) वनरक्षक आणि गावातला एक गुराखी, एवढी जुळवाजुळव झाल्यावरच पायी पाहणी सुरू करावी. परवानगी उपवनसंरक्षकांकडून घ्यावी आणि मार्ग दोन वनविभागांत येत असल्यास दोन्हीकडून घ्यावी. गुराखी सोबत असणे मी अपरिहार्य मानतो. कोणत्या नाल्यातला डोह मेअखेरपर्यंत टिकतो, कोणत्या खिंडीत गुरे बुजतात, गेल्या तीन वर्षांत कोणाची कालवड कोठे मारली गेली, ही माहिती त्याच्याइतकी नेमकी कोणत्याही नकाशात नसते.

अखिल भारतीय व्याघ्र गणनेत प्रत्येक नियतक्षेत्रात मांसभक्षी प्राण्यांच्या खुणांसाठी सुमारे १५ किलोमीटर पायी फिरतात. भ्रमणमार्गासाठीही हे प्रमाण चांगले आहे, फक्त वाटा निवडण्याची रीत बदलावी: पट्ट्याच्या लांबीला समांतर चालण्यापेक्षा त्याला आडवे छेद देत चालावे. समांतर चालताना आपण एका चांगल्या पायवाटेवरच राहतो आणि पट्टा किती रुंद, कोठे तुटलेला हे कळत नाही. आडव्या छेदात पाऊलखुणा, विष्ठा, झाडांवरील आणि जमिनीवरील ओरखडे यांच्याबरोबर चार गोष्टी न चुकता नोंदवाव्यात: पाणी किती अंतरावर आहे, कमरेच्या उंचीवर आडोसा आहे का, माणसांची ये-जा कोणत्या वेळी असते आणि आगीच्या खुणा आहेत का. आडोसा मोजण्यासाठी एक मीटर लांबीचा पांढरा-काळा रंगवलेला फळा पंधरा पावलांवर उभा धरून त्याचा किती भाग दिसतो ते लिहावे. हा साधा मोजमापाचा प्रकार मे महिन्यात जे दाखवतो, ते डोळ्यांच्या अंदाजाने कधीच कळत नाही.

पाण्याबाबत थोडे सविस्तर. पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातले जुने तलाव, आणि शेतांतल्या बोड्या, म्हणजे लहान तळी, या उन्हाळ्यातल्या मार्गाचे टप्पे असतात, तर यवतमाळ-अमरावतीकडे नाल्यांमधल्या खडकाळ डोहांवर सगळी भिस्त असते. दोन टिकाऊ पाणवठ्यांमधले अंतर मोजताना सरळ रेषा घेऊ नये. आडोशातून जाणारी वाट मोजावी. पाणी गावालगतच्या एकाच तलावात उरलेले असेल, तर त्या तलावाचा काठ हीच त्या महिन्यातली अडचणीची जागा आहे, हे नकाशावर लाल रंगात दाखवावे.

एक मोरी जवळून पाहताना

चिंचोळ्या जागांपैकी पुष्कळशा रस्ता, रेल्वे किंवा कालवा यांच्यापाशी असतात. अशी प्रत्येक जागा दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा पाहावी. रस्त्याखालून जाणारी एखादी साधी मोरी घ्या. आत वाकून पाहिले की पलीकडचा उजेड दिसतो का? तळ मातीचा आहे की सिमेंटचा? पावसाळ्यात वाहून आलेल्या प्लास्टिकने आणि बांबूच्या काटक्यांनी तोंड अर्धे बुजले आहे का? पलीकडे बाहेर पडल्यावर लगेच झुडूप आहे, की धाब्याचा दिवा? संध्याकाळी मोरीच्या दोन्ही तोंडांशी चाळलेली बारीक माती पाच-सहा फूट रुंद पसरून हाताने सपाट करावी आणि सकाळी उन्हे तिरपी असतानाच पाहावी. तिरप्या उन्हात सायाळीच्या काट्यांची फरपट, चितळाच्या खुरांचे टोकदार ठसे आणि मांजरवर्गीय प्राण्याच्या पंजाची, नखांची खूण नसलेली गादी वेगवेगळी ओळखू येते. नऊ वाजता ऊन वर चढले की तेच ठसे सपाट होऊन दिसेनासे होतात. ठसे मोरीच्या तोंडापर्यंत येऊन परत फिरले असतील, तर ती नोंद आत गेलेल्या ठशांइतकीच महत्त्वाची आहे. सलग दहा सकाळी ही माती पाहिली, तर मोरी प्राण्यांना मान्य आहे की नाही याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

योग्य आकाराची रचना केली, तर प्राणी ती वापरतात, याचा सर्वांत चांगला पुरावा पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर आहे. तेथे महाराष्ट्रातील टप्प्यात ५० ते ७५० मीटर रुंदीच्या नऊ रचना रस्त्याखाली सोडलेल्या आहेत, आणि भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत वाघ, रानकुत्रे, चितळ यांच्यासह अनेक प्रजाती त्याखालून जाताना टिपल्या गेल्या आहेत. दोन मीटरांच्या मोरीला ‘अंडरपास’ म्हणून कागदावर दाखवले जाते, तेव्हा हे माप समोर ठेवावे.

रेल्वेबाबत चंद्रपूर जिल्ह्यातील चिचपल्लीजवळ नोव्हेंबर २०१८ मध्ये गाडीखाली वाघाचे तीन बछडे मेले, ही घटना विसरता येत नाही. रुळांच्या वळणावर, जेथे गाडीच्या चालकाला दूरचे दिसत नाही आणि दोन्ही बाजूंना मातीचे उंच कडे आहेत, अशा जागा किलोमीटर दगडाच्या क्रमांकासह लिहाव्यात. कालव्याचे स्वरूप वेगळे असते. सिमेंटच्या तिरप्या, गुळगुळीत काठांवरून पाणी प्यायला उतरलेला प्राणी परत चढू शकत नाही. तेथे काठ किती तिरपा, पाण्याची धार कोणत्या महिन्यांत असते आणि पार होण्यासाठी मातीने झाकलेला रुंद पूल किती अंतरावर आहे, हे मोजावे. बिनकठड्याच्या विहिरी हाही असाच सापळा. चिंचोळ्या जागेच्या परिसरातली प्रत्येक विहीर मोजून ठेवावी, कारण तिला कठडा बांधणे हा या सगळ्या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर होणारा उपाय आहे.

कॅमेरे

कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून जाताच आपोआप छायाचित्र काढणारे कॅमेरे, थोडेच असतील, तर ते पट्टाभर विखरू नयेत. नाल्यांचे संगम, डोंगराची खिंड, जंगलरस्त्याचे वळण आणि पायी पाहणीत खुणा सापडलेल्या मोऱ्या या ठिकाणी ते जोडीने, समोरासमोर परंतु किंचित तिरके लावावेत, म्हणजे प्राण्याच्या दोन्ही बाजूंचे पट्टे मिळतात आणि एका कॅमेऱ्याचा प्रकाश दुसऱ्यावर पडत नाही. उंची गुडघ्याएवढी, सुमारे ४० ते ४५ सेंटिमीटर ठेवावी. मे महिन्यात समोरचे वाळलेले गवत पूर्ण काढावे. गरम वाऱ्याने हलणाऱ्या काडीमुळे एका दुपारीच हजारो रिकामी छायाचित्रे जमतात. एका जागी किमान ३० ते ४५ रात्री कॅमेरा राहू द्यावा आणि शक्य असल्यास डिसेंबरात, पिके उभी असताना, त्याच जागांवर पुन्हा लावावा. वाघाचे ठिकाण आणि वेळ दाखवणारी छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत. ती फक्त वनविभागाला द्यावीत.

पट्ट्यातली माणसे

येथे काळजीपूर्वक बोलावे लागते. भ्रमणमार्गातला मोह, तेंदूपत्ता, डिंक, गुरांची चराई यांवर अनेक घरे चालतात. मोहफुले वेचताना बाई खाली वाकून बसलेली असते, झाडाखालचा पाचोळा जाळलेला असतो, वेळ पहाटेची असते. वाघाच्या परतीचीही तीच वेळ असते. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या तोडणीत हेच पुन्हा घडते. सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत म्हणून ‘जंगलात जाता का’ असा प्रश्न ठेवू नये. कोणत्या झाडांपाशी, कोणत्या महिन्यात, किती वाजता आणि किती जणी मिळून जातात, असे विचारावे. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ५ नुसार वन्यजीव आणि वन यांचे रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे, आणि गडचिरोलीतील मेंढा-लेखासारख्या गावांनी सामूहिक वनहक्काच्या आधारे आपले जंगल स्वतः सांभाळून दाखवले आहे. चिंचोळ्या जागेचा निर्णय ग्रामसभेत चर्चा झाल्याशिवाय अंतिम करू नये. गावाला न विचारता आखलेल्या भ्रमणमार्गाला गाव नवे अभयारण्य समजून विरोध करते, आणि त्यात त्याचे चुकत नाही.

पिके राखण्यासाठी कुंपणात थेट वीज सोडण्याचा प्रकार पट्ट्यात आढळल्यास तो लपवू नये. त्यात वाघाइतकाच शेतकऱ्याचा शेजारीही मरतो. सौर कुंपण झटका देते, जीव घेत नाही. अशा शेतांची यादी करून त्यांना सौर कुंपणाचे अनुदान आधी मिळावे, अशी शिफारस करावी.

दुरुस्ती कोठून सुरू करावी

सगळ्या पट्ट्यावर झाडे लावण्याचा मोह टाळावा. आधी सर्वांत अरुंद तीन-चार जागा घ्याव्यात. नाल्याच्या दोन्ही काठांवर जांभूळ, करंज, अर्जुन आणि स्थानिक बांबू टिकवणे किंवा वाढवणे हे मोकळ्या माळावर रोपवन करण्यापेक्षा कितीतरी उपयोगी ठरते, कारण उन्हाळ्यात आडोसा आणि पाणी हे दोन्ही नाल्यातच एकत्र मिळतात. नवा कृत्रिम पाणवठा करण्यापूर्वी जुन्या डोहातला गाळ काढून पाहावा. पाणवठा करावाच लागला, तर तो रस्त्यापासून आणि शेतापासून दूर ठेवावा. भ्रमणमार्गात प्राणी थबकून पुढे जायला हवा, तेथे मुक्काम करून त्याने गावाची गुरे मारावीत असे पाणी नको.

घाणेरी, म्हणजे लँटाना हे जंगलात पसरणारे परदेशी झुडूप, काढताना झुडपे वरवर तोडल्यास ती दुप्पट जोमाने फुटतात. मुळाच्या वरच्या भागाखाली, जमिनीत दोन-तीन इंच खोल कुदळीने छाटून झुडूप उलटे ठेवावे. परंतु चिंचोळ्या जागेतली सगळी घाणेरी एका वर्षात काढू नये. मे महिन्यात तेथे तोच एकमेव आडोसा असू शकतो. दरवर्षी एक तुकडा साफ करून तेथे गवत उभे राहिल्यावर पुढचा तुकडा हाती घ्यावा. जाळरेषांचे, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळ्या केलेल्या पट्ट्यांचे, काम १५ फेब्रुवारीला आगीचा हंगाम सुरू होण्याआधी पूर्ण झाले आहे का, हे जानेवारीतच जाऊन पाहावे.

अहवाल कसा द्यावा

जाड अहवाल कोणी वाचत नाही. प्रत्येक चिंचोळ्या जागेसाठी एकच पान करावे: गट किंवा कक्ष क्रमांक, मे आणि डिसेंबर महिन्यांतली रुंदी, पाण्याचे अंतर, मिळालेल्या खुणा, अडथळा आणि एक उपाय. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील कलम ३८-ओ प्रमाणे व्याघ्र प्रकल्पांना जोडणारी क्षेत्रे पर्यावरणाला न झेपणाऱ्या वापरासाठी वळवता येत नाहीत. तसे सार्वजनिक हितासाठी करायचे झाल्यास राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मान्यता आणि व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा सल्ला लागतो. व्याघ्र प्रकल्पांच्या व्याघ्र संवर्धन आराखड्यातही भ्रमणमार्गांचा विचार अपेक्षित असतो. म्हणून ही पाने उपवनसंरक्षक, संबंधित व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र संचालक आणि ग्रामसभा या तिघांनाही द्यावीत, आणि पोहोच घेऊन ठेवावी. रस्ता किंवा कालव्याचा प्रस्ताव आल्यावर तयार केलेल्या कागदापेक्षा प्रस्तावाच्या आधीच्या तारखेचा कागद अधिक वजनदार असतो.

प्रत्येक चिंचोळ्या जागी एक दगडी खूण पुरून, तिच्यावर उभे राहून चारही दिशांना एक-एक छायाचित्र काढावे. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच खुणेवरून, त्याच उंचीवरून तीच चार छायाचित्रे पुन्हा काढावीत आणि त्या जागेच्या पानामागे जोडत जावीत.